भोपळ्याचा टोप

माझ्या भावाचं डोकं पासष्ट सेंटीमीटर आहे. कपाळावरून, कानांच्या जरा वरून आणि मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवली की पासष्ट. एवढं डोकं बाजारातल्या कुठल्याच टोपीत मावत नाही. लहानपणापासून आम्ही त्याला भोपळ्या म्हणतो. आई म्हणते, बायको म्हणते, आणि त्याच्या संघातले दांडगे गडी तर भर मैदानात ओरडून म्हणतात. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायलाही अक्कल लागते, असं मी म्हणायचे. आता म्हणत नाही.

मी चिलखतं बनवते. हे सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. नाटकासाठी का? आणि, घरचे काही म्हणत नाहीत? नाटकासाठी नाही. जुन्या काळातल्यासारखी पोलादी चिलखतं घालून एकमेकांना खरोखर बडवणारी माणसं आहेत, आणि ती भरपूर आहेत. आठवडाभर ती बँकेत बसतात, लोकांचे दात काढतात, लिफ्ट दुरुस्त करतात. मग एखाद्या रविवारी पंचवीस-तीस किलो पत्रा अंगावर चढवून पाच विरुद्ध पाच असे मैदानात उतरतात. तलवारी बोथट असतात, कुऱ्हाडीही बोथट असतात, पण वजन खरं असतं. जो जमिनीला टेकला तो बाद. आणि घरचे म्हणाल, तर माझ्या घरी सगळे म्हणून दमले.

हात माझ्या वडिलांचा. ते ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचे. त्यांना मुलगा हाताखाली शिकून तयार हवा होता आणि मुलगी घरात हवी होती; झालं उलटंच. भोपळ्या लिफ्टच्या कंपनीत लागला आणि हातोडी माझ्याकडे आली. पोचा आतून काढायचा, बाहेरून नुसतं बघायचं, एवढंच त्यांनी मला शिकवलं, आणि ते पुरलं. सामना झाला की गडी आपापले टोप माझ्या टेबलावर आणून टाकतात. घामाचा असा भपकारा येतो की माणूस मागे सरावा. मी आतली गादी काढते, धुवायला देते, आणि पोचे मोजते. कुणाला कुठून किती मार बसला, हे त्यांच्या बायकांच्या आधी मला कळतं.

ही गादी म्हणजे टोपाच्या आत बसणारं जाड, शिवलेलं अस्तर. डोकं वाचवते ती गादी. पोलाद नुसतं फुटत नाही एवढंच. ती धुता यावी म्हणून मी ती चिकटवत नाही, दोरीने ओवते. दोरी ओढली की गादी हातात येते. ही माझीच युक्ती. दुसरे कारागीर माझी नक्कल करतात, याचा मला मोठा अभिमान होता.

मागच्या मोसमात भोपळ्याच्या टोपावर मागच्या बाजूला वाटीएवढा पोचा आला. कुऱ्हाडीचा घाव होता, पाठीमागून. "पण पडलो नाही, ताई," तो म्हणाला. हेच त्याचं कौतुक. संघात तो शेवटपर्यंत उभा राहणारा म्हणून प्रसिद्ध होता. मी पोचा आतून ठोकून काढला आणि त्याला चार शिव्या दिल्या. तो हसला, पण डोळे मिटून हसला. उजेड सहन होत नव्हता त्याला.

पुढचे दोन महिने त्याने सगळ्यांपासून लपवलं. मग एक दिवस एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, लिफ्टच्या मोटरसमोर, हातात पक्कड घेऊन तो अर्धा तास उभा राहिला. कुठली वायर कशाची, ते आठवेना. त्याने बायकोला नाही, मला फोन केला. मीच त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई शांतपणे बोलत होत्या. "पुढचा मार छोटा असेल की मोठा, हे विचारू नका. पुढचा मार नकोच," त्या म्हणाल्या. तो शहाण्या मुलासारखी मान हलवत होता. जिन्यात म्हणाला, "एकच सामना, ताई. शेवटचा. पडून नाही, उभ्यानं सोडायचंय."

मी त्याचा जुना टोप त्याच दिवशी कटरने उभा कापला. त्याने पंधरा दिवसांत दुसरा आणला. शोभेचा, भिंतीवर टांगायचा, अंगठ्याने दाबला तर वाकेल असा, आणि तोही त्याला जेमतेम अर्धा बसत होता. तो मी हातोडीने चपटा केला. भांडण झालं. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू नाही दिलास तर मी असलाच आणीन. तू दिलास तर निदान नीट असेल." आणि बायकोला, आईला, संघाच्या कप्तानाला काही कळता कामा नये, अशी शपथ घातली. तेव्हाच कप्तानाला जाऊन सांगायला हवं होतं. मोडली असती शपथ, दोन वर्षं अबोला धरला असता त्याने. दोन वर्षांचा अबोला म्हणजे काय मोठंसं.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, त्यातली मी. मी म्हटलं, "देते करून."

टोप करताना डोक्याचं माप घ्यायचं, त्यात गादीची जाडी धरायची, वर थोडी हवा धरायची, आणि मग पत्रा कापायचा. मी पासष्टचं माप घेतलं आणि गादीची जागाच सोडली नाही. बाकी सगळं मन लावून केलं. ओंडक्याच्या खळग्यात पत्रा ठोकून वाटोळा केला, जोड असा भरला की बोटाला कळू नये, भट्टीत तापवून तेलात बुडवला, तोंडावरच्या झडपेच्या फटी नियमापेक्षा बारीक ठेवल्या. आतून तीच जाड गादी ओवली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की असा टोप मी आयुष्यात केला नाही. आणि तो त्याच्या कानाच्या वर येऊन अडकणार, खाली एक बोटभर सरकणार नाही. ऐन वेळी दुसऱ्या कुणाचा मागून घ्यावा, तर भोपळ्याला बसेल असा टोप त्या मैदानात दुसरा असणं शक्य नव्हतं. सामना हुकला असता. मोसम संपला असता. मी कपाळाला हात लावून म्हटलं असतं, चुकलं बाबा माप, माणूस आहे मी.

तो सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी न्यायला आला. हातात घेऊन त्याने टोप फिरवून फिरवून पाहिला. डोक्यावर चढवणार, तेवढ्यात मी म्हटलं, "आतल्या चामड्याला मेण चोपडलंय. उद्यापर्यंत घालू नकोस, डाग पडतील."

"बसेल ना?"

"कधी बसला नाहीये?"

"तेही खरंच," तो म्हणाला. "तुझं माप म्हणजे माप." आणि जाताना दारातून वळून म्हणाला, "ताई, शिव्या दिल्यास त्या सगळ्या बरोबर होत्या हां." मी त्याला जा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला माझं टेबल मांडलेलं होतं. पट्टे तुटतात, बक्कलं उडतात, गुडघ्याच्या वाट्या निखळतात. ते जागच्या जागी करून द्यायला मी असते. सकाळी तपासनीस सगळ्यांचे टोप एका लांब बाकावर मांडून तपासून गेला. पत्र्याची जाडी, झडपेच्या फटी, हनुवटीचा पट्टा, आतली गादी. माझ्या टोपावर त्याने हिरवी चिठ्ठी चिकटवली आणि मला लांबून हात केला. मी मनात म्हटलं, थांब जरा, अजून अर्ध्या तासाने गड्यांच्या तंबूतून आरडाओरडा ऐकू येईल.

आरडाओरडा झाला नाही. मी कुणाच्या तरी कोपरावरचा रिवेट बसवत होते. कर्णा वाजला, मान वर केली, तर आमचे पाचजण आत येत होते आणि त्यात भोपळ्या होता. डोक्यावर टोप होता, व्यवस्थित, कानांच्या खाली आलेला, हनुवटीशी पट्टा बांधलेला.

खरं सांगते, पहिल्यांदा मला काय वाटलं ते. मला वाटलं, माझं माप चुकलं. ठरवून लहान केलेला टोपसुद्धा मला लहान करता आला नाही, असं वाटून मी चिडले. आणि मग कळलं. तो टोप त्या डोक्यावर एकाच तऱ्हेने बसू शकत होता.

ओरडायला हवं होतं. ओरडले तर सामना थांबला असता, पण का थांबवला ते सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. कप्तानासमोर, तपासनिसासमोर, त्याच्यासमोर. तो विचार करायला मला किती वेळ लागला, ते मी पुन्हा पुन्हा मोजलंय. एक रिवेट दोनदा ठोकायला लागतो, तेवढा. तेवढ्यात दोन्ही बाजू भिडल्या होत्या. मग मी हातोडी टाकून मैदानाभोवतीच्या दोरापर्यंत धावले आणि "थांबवा" म्हणून ओरडले. पंचाने माझ्याकडे पाहिलं. सामना थांबवायचा त्याचा झेंडा वर जात होता.

गादी असलेल्या टोपावर घाव बसला की पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज येतो. इतकी वर्षं मी तोच ऐकत आले. हा आवाज घंटेसारखा खणखणीत होता. सगळ्या मैदानात तो फक्त मला कळला. घाव काही मोठा नव्हता, कुणी मुद्दाम मारला नव्हता. वळता वळता एकाची कुऱ्हाड लागली. भोपळ्या पडला नाही. तो उभा राहिला, तलवार खाली टाकली, आणि कुणाचं तरी नाव विसरल्यासारखा इकडेतिकडे बघत राहिला. मग गुडघ्यांवर आला.

दवाखान्याच्या बाहेर कप्तान माझ्यासमोर ढसाढसा रडला. एवढा धिप्पाड माणूस. "माझंच चुकलं, ताई," तो म्हणाला. "तंबूत त्याला टोप जाईना. मी म्हटलं, ताईला बोलावतो, माप चुकलंय. तर म्हणाला, ताईचं माप चुकत नाही. माझंच डोकं सुजलंय आतून, गेल्या वेळेपासून. तिला कळलं तर ती घाबरेल, उतरू देणार नाही. मग दोरी ओढून गादी काढली. मी माझी पातळ लोकरीची टोपी ताणून दिली त्याला. आज एक दिवस जाईल म्हटलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तुझं नाही चुकलं, एवढं म्हणायला हवं होतं. ते शब्द आले, पण त्यांच्यामागून यायचे ते आले नाहीत, म्हणून तेही मी गिळले. तो अजूनही दर आठवड्याला भोपळ्याला बघायला येतो आणि तोंड पाडून जातो. मी त्याला चहा देते.

याला आता आठ महिने झाले. भोपळ्या घरीच असतो, खिडकीजवळच्या खुर्चीत. डावा हात मांडीवर पडून असतो. बोलतो, पण शब्द शोधत बोलतो, आणि सकाळचं दुपारी राहत नाही. आई त्याला भरवते. ती आता त्याला भोपळ्या म्हणत नाही, बाळ म्हणते, आणि ते मला ऐकवत नाही.

माझी भावजय समजूतदार आहे. तिने त्याची सामन्याची पिशवी कितीतरी दिवस उघडली नव्हती. परवा उघडली. गादी निघाली, दोरीसकट. तिने ती धुतली, गॅलरीत वाळत घातली, आणि मी गेले तेव्हा मला दाखवली. "ताई, ही त्यांनी का काढली असेल हो? तुम्ही एवढी जाड शिवली होती. ही असती तर..." ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि म्हटलं, "कोण जाणे." मी चांगली तापट बाई म्हणून ओळखली जाते. तोंडावर बोलणारी.

ती आत गेली. भोपळ्याने मला उजव्या हाताने खूण करून जवळ बोलावलं. तो दर वेळी बोलावतो, आणि दर वेळी त्याच्या लेखी ती पहिलीच असते.

"ताई," तो हळूच म्हणाला, "टेप आहे? माप घे. कुणाला सांगू नको. सूज... उतरली का बघ."

टेप माझ्या पिशवीत कायम असते. मी ती त्याच्या कपाळावरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवली. केस पातळ झालेत त्याचे. त्याने शाळेत उंची मोजताना धरायचा तसा श्वास धरून ठेवला होता. टेपवर पासष्ट होते. पहिल्यापासून तेवढेच आहेत.

तोंड उघडलं असतं तर सगळं सांगता आलं असतं. तो दुपारपर्यंत विसरलाही असता. तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.

"उतरलीये," मी म्हटलं. "बरीच उतरलीये."

त्याने श्वास सोडला. चेहरा उजळला, आणि चांगला हात त्याने माझ्याकडे पसरला.

"मग आण टोप," तो म्हणाला. "आता बसेल. तुझं माप काही चुकलं नव्हतं."