लढाईच्या दवंडीची हलगी

मित्रांनो, वाटूरला कडूबाच्या घरात खुंटीला टांगलेली फाटकी हलगी दिसते ना, ती मी. कडूबाच्या बापाने लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून मला घडवलं. आधी मला विस्तवावर शेकायचं आणि मग गावभर दवंडी पिटायची, हे कडूबाचं काम. बाजार, साथीची लस, हरवलेलं जनावर. माझा आवाज ऐकला की लोक दारात येत. ‘काय घुमते!’ म्हणत. मला फार बरं वाटे.

मग दूर कुठेतरी मोठी लढाई पेटली. तहसिलीतून जमादार आला. फौजेत भरती व्हा, इंग्रजांच्या बादशहाशी इमान राखा, अशी दवंडी त्याने द्यायला लावली. कुणी हललं नाही. पुढच्या खेपेला त्याने कारण बदललं: दुबळ्या मुलखांना वाचवायचं आहे. ते ऐकून गोजरबाईचा एकुलता एक मुलगा भुजंग पुढे झाला. “दुबळ्यासाठी म्हणतेत, तर जातो माय,” म्हणाला. तो ब्रह्मदेशात मारला गेला.

लढाई जिंकल्याची दवंडीही मीच दिली. बादशहाची शान राहिली, असं कडूबा ओरडला, तेव्हा गोजरबाई रस्त्यात आडवी आली.

“कडूबा, माझा भुजंग दुबळ्यासाठी गेल्ता. आता शान म्हणून राह्यलास. मंग खरं काय?”

“वरून सांगतेत तेच सांगतो, माय.”

“आन् तू इचारलं न्हाई?”

कडूबाने मला काखोटीला मारलं आणि तो माघारी वळला. त्या दिवशी पुढच्या गल्लीत आम्ही गेलोच नाही.

अठ्ठेचाळीस साली जमादार पुन्हा आला. आमची रियासत अजून हिंदुस्थानात सामील झाली नव्हती; आता हिंदुस्थानशीच लढायचं होतं. आधी रियासतीच्या आझादीसाठी, पुढच्या आठवड्यात इज्जतीसाठी, नंतर म्हणे तुमची शेतं वाचवण्यासाठी. शेवटच्या खेपेला चावडीपुढे सगळं गाव जमलं होतं. कडूबाने विचारलं, “साहेब, यातलं बराबर कारण कोणतं सांगू?”

“बिलकुल बोलू नकोस. वाजव!”

कडूबाने मला वाजवलं आणि तिन्ही कारणं एकापाठोपाठ एक सांगितली. मग म्हणाला, “मागच्या लढाईला बी कारणं अशीच बदलली होती. भुजंग त्यातल्या एकासाठी गेला. तुमच्या लेकरांचं तुम्ही बघा.”

जमादाराने मला हिसकून दगडावर आपटलं. माझं कातडं फाटलं. कडूबाला त्याने काठीने मारत नेलं. पण त्या दिवशी वाटूरच्या एकाही पोराने नाव दिलं नाही.

ती लढाई सप्टेंबरात आठवड्याच्या आतच आटोपली, रियासत हरली. कडूबा सुटून लंगडत घरी आला. गोजरबाई रोज येऊन त्याच्या पायाला तेल चोळायची. पुढे दवंडीसाठी नवी हलगी आली. मी खुंटीवरच राहिले. उंदरांनी माझी चामड्याची वादी कुरतडली, कड्यावर कोळ्यांनी जाळी विणली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना ओल लागू देऊ नका, अधूनमधून ऊन दाखवा. आणखी एक मागणं आहे. तुमच्या गावात कुणी लढाईची दवंडी आणली, तर पिटणाऱ्याला थांबवून कारण विचारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.