पाळकसाहेबांच्या खिशातला पाना

मी पाना बोलतोय. सांगतो त्यातला शब्द न् शब्द खरा. खोटं बोललो तर अंगावर गंज चढो! आता थोडा चढलेला आहे, पण तो दमट हवेचा.

जन्म कारखान्यातला, पण कामाचं वळण लावलं ते मामांनी. मामा म्हणजे चर्चचे राखणदार. नळ, पंखे, बाकं, सगळं तेच बघायचे. नवे पाळकसाहेब आले त्याच आठवड्यात भर उपासनेत पंखा खडखडला. साहेबांनी मामांकडून मला मागून घेतलं, झगा खोचला, स्टुलावर चढले आणि दोन मिनिटांत पंखा गप्प. मंडळी गहिवरली. "असा पाळक पाहिला नाही बाई!" झालं! तेव्हापासून मी झग्याच्या खिशात आणि मामा रिकाम्या हातांनी पायरीवर.

सहा वर्षं मला उसंत नाही. बाक डुगडुगलं, काढा पाना. माइकची दांडी लचकली, काढा पाना. साहेबांनी आशीर्वादाला हात उचलला की मी त्यांच्या मांडीवर आपटायचो.

मंडळी मात्र गळत चालली. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांतल्या मोठ्या बाई एकदा स्पष्टच बोलल्या, "साहेब, बाकं घट्ट झाली हो, बसणारे सैल झालेत. आपण कुठं चाललोय ते या रविवारी सांगा. नाहीतर आठ घरं दुसरीकडे जायच्या बेतात आहेत. त्यात एक माझ्या लेकाचं."

शनिवारी दुपारी साहेब कागद घेऊन बसले. एक ओळ लिहिली, खोडली. खिडकी लावली, पुन्हा उघडली.

आतून पत्नीनं विचारलं, "अहो, झालं का लिहून?"

"लिहितोय गं. तेवढा मोरीतला नळ बघून येतो."

"नळाला काय झालंय?"

नळाला काहीएक झालं नव्हतं. हे मी छातीठोक सांगतो, कारण तो सैल करायला साहेबांनी मलाच लावलं. आधी सैल करायचा, मग घट्ट करायचा, तेवढाच जिवाला विरंगुळा! त्या दिवशी घालमेल जास्त, म्हणून फेराही एक जास्त झाला. नळ हातात आला आणि पाण्याचा फवारा थेट छताला.

मामा शेजारच्या चर्चच्या पायरीवरून धावत आले, त्यांनी मेन कॉक बंद केला. तो कुठं असतो, हे साहेबांना सहा वर्षांत माहीत नव्हतं!

"साहेब, नळ असा आपोआप निघत नसतो."

साहेब ओल्या फरशीवरच बसले. "मामा, नट पिळला की कळतं, काम झालं. कागदापुढे काहीच कळत नाही. मी वाट चुकलो तर माझ्यामागून सगळी चुकणार."

"पाना आणा इकडे. मी नळ बसवतो, तुम्ही नुसतं बोला. काय दिसतंय डोळ्यांपुढे?"

साहेबांनी मला हसतहसत देऊन टाकलं. मग मामा पिळत होते आणि साहेब बोलत होते. समोरच्या इस्पितळातल्या रोग्यांचे नातेवाईक फुटपाथवर झोपतात, आणि आपली मागची मोठी खोली कुलपात. ती त्यांच्यासाठी उघडायची.

"मग संडास दोन लागतील," मामा म्हणाले. "आणि ही टाकी पुरायची नाही."

"हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

"कसं येणार? डोकं मोरीत होतं."

रविवारी साहेबांनी हेच सांगितलं. पाण्याचं कसं करणार, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाले, "ते मामा सांगतील." मामा पायरी सोडून पुढे आले. बाईंचा लेक डोळे पुसत म्हणाला, "आम्ही कुठंही जात नाही!"

आता मी मामांच्या पेटीत असतो. साहेब येऊन घुटमळतात. "मामा, पाना जरा..."

"शनिवारी या. अर्धा तास मिळेल."

आता कबुली देतो. हसतहसत दिलं, हे माझ्या पदरचं. मामांनी चारदा मागितलं, शेवटी साहेबांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. लेकाचं डोळे पुसणंही पदरचंच. तो कोरड्या डोळ्यांनी एवढंच म्हणाला होता, "सहा महिने बघतो."

चार महिने गेले. संडास एकच झालाय. मामा, साहेबांनाही बोलवा हवं तर, पण पेटीचं झाकण उघडा!