पिरोळी भाषेचे अधिकृत जाणकार

"मालिका पुन्हा काढा, माझी हरकत नाही," आशय म्हणाला, "पण यान प्लायवूडचंच पाहिजे."

यावर अर्ध्या वर्गानं बाकं वाजवली. वर्ग जे. पी. नगरातल्या एका शाळेचा होता, बाकं तिसरीतल्या मुलांची होती, आणि त्यांवर 'यान क्रमांक चार' या मालिकेचे प्रौढ चाहते गुडघे हनुवटीला लावून बसले होते. ही मालिका त्यांतले बहुतेक शाळेत असताना दर रविवारी टीव्हीवर लागायची. मग तिच्या पुस्तिका आल्या, एक नाटक आलं, झाकणावर यानाचं चित्र असलेला जेवणाचा डबा आला. पहिल्या तीन यानांचं काय झालं हे मात्र कुणी कधी सांगितलं नाही, आणि त्यावरून बेंगळूरच्या चाहता मंडळात दोनदा फूट पडली होती.

आता एक कंपनी ती मालिका नव्यानं काढणार होती. चाहत्यांचं मत घ्यायला कंपनीची प्रांजली नावाची मुलगी मुंबईहून आली होती. इथूनच एक सल्लागार निवडायचाय, असं तिनं आल्या आल्या सांगून टाकल्यामुळे मतं जरा जास्तच निर्भीड झाली होती. एकाचं म्हणणं, जुन्या मालिकेत यानाचं दार उघडताना मागून ढकलणाऱ्या माणसाचा हात दिसायचा, तो हात राहिलाच पाहिजे. हेमलताबाई आयुष्यभर खरे उपग्रह सोडून निवृत्त झालेल्या. त्यांनी सुचवलं की नव्या यानाला निदान इंधनाची टाकी असावी. त्यांना 'वास्तववादी' म्हणून खाली बसवण्यात आलं.

पहिल्या बाकावर रघुनंदनराव गप्प बसले होते. सल्लागार आपणच होणार, हे गृहीत धरलेल्या माणसानं बसावं तसे.

रघुनंदनराव यशवंतपूरला एका वजनकाट्यावर नोकरीला होते. लोखंडी पाट्यावर ट्रक चढायचा, ते काचेच्या खोलीतून आकडा सांगायचे, ट्रक उतरायचा. आकड्यापलीकडे त्यांना तिथं कुणी काही विचारत नसे. मंडळात मात्र त्यांच्या छातीवर बिल्ला असे: 'पिरोळी भाषेचे अधिकृत जाणकार'. पिरोळ हा मालिकेतला परग्रह. त्याची राणी डोक्यावर भांड्याचं झाकण घालून यायची आणि नळीतून बोलल्यासारख्या आवाजात पिरोळी बोलायची. कप्तान विचारतो, एवढ्या लांबून पृथ्वीवर का आलात? राणी म्हणते, "सुम्ने." आणि निघून जाते. या प्रसंगाला चाहते आजही रडतात. रघुनंदनरावांनी या शब्दाचा अर्थ 'हेतूच्या पलीकडून' असा लावला होता. राणी कप्तानाला 'री' म्हणून हाक मारायची. त्याचा अर्थ त्यांनी 'सेनापती' लावला होता, आणि तेव्हापासून मंडळाचा अध्यक्ष सहीआधी 'री' लिहीत असे. सध्या 'री आशय'.

खरी गोष्ट अशी की पिरोळी ही रघुनंदनरावांच्या घरची भाषा होती. त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि हवा बरी वाटली म्हणून राहिले. काही पिढ्यांत मराठीत कन्नड इतकी मुरली की पुण्याच्या माणसानं ती परग्रहावरची समजावी. लहानपणी टीव्हीवर राणीनं तोंड उघडलं तेव्हा आख्खं घर हातातलं टाकून धावत आलं होतं. टीव्हीवर पहिल्यांदाच कुणीतरी नीट बोलत होतं.

पण मंडळाच्या पहिल्या बैठकीत ते कुणालातरी "स्वल्प सरका की" म्हणाले आणि पुण्या-मुंबईहून आलेली सगळी मंडळी हसली. वाईट मनानं नाही. तेच जास्त लागलं. मग लोक गाडी शिकतात तसे ते पुणेरी मराठी शिकले, आरशात बघत. पिरोळी कशी काय येते, असं कुणी विचारलं की म्हणत, "अभ्यास." बाकीचे चाहते इथं पंधरा-पंधरा वर्षं राहत होते, पण त्यांना कन्नडमधलं 'कन्नड येत नाही' हे एकच वाक्य येत असे. ते मात्र उत्तम यायचं. त्यामुळे धोका नव्हता.

सल्लागारपदाला धोका होता तो आशयचा. मूळचा पुण्याचा, मारतहळ्ळीला राहणारा, संगणकातला माणूस. त्यानं 'सुम्ने'चं मूळ थेट वेदांत शोधून काढलं होतं. शिवाय त्याच्याकडे तो डबा होता, मूळ, झाकणासकट. डबा पहिल्यांदा पाहिला तेव्हा रघुनंदनरावांच्या तोंडून घरची भाषा निसटली होती: "माझं पोट जळतंय." त्यांच्या घरात हेवा वाटला की असं म्हणतात. आशयनं तत्परतेनं त्यांना ॲसिडिटीची गोळी दिली. तेव्हापासून तो त्यांच्यासाठी खिशात पाकीट ठेवू लागला, आणि ते कधी गप्प दिसले की न विचारता एक गोळी पुढे करायचा. अशा माणसाचा धड हेवाही करता येत नाही. पोट जळतं आणि वर तोंडात पुदिन्याची चव.

तर प्रांजली सल्लागाराचं नाव सांगायला उभी राहिली आणि दार उघडून वसुमती आत आल्या. रघुनंदनरावांच्या पत्नी. त्यांनी मालिका कधी पाहिली नव्हती. लग्नाआधीच ती बंद पडली हा त्यांना शुभशकुन वाटला होता. वर्गाच्या कोपऱ्यात मंडळानं मांडलेल्या प्रदर्शनातल्या राणीच्या पुतळ्याच्या डोक्यावर त्यांच्या इडलीपात्राचं झाकण होतं आणि घरी पाहुणे आले होते.

"री," त्या दारातूनच म्हणाल्या, "माझं झाकण काढा की. घरी अण्णा-अक्का येऊन बसलेत, आणि तुम्ही इथं सुम्ने बसलात."

मागच्या बाकावरचा एक चाहता उभा राहिला.

"काकू," आशयनं हळूच विचारलं, "तुम्ही आत्ता काकांना 'री' म्हणालात?"

"मग काय म्हणू? नवऱ्याला नावानं हाक मारू?"

गेल्या काही वर्षांत 'री' म्हणून सह्या केलेले तीन माजी अध्यक्ष एकमेकांकडे बघू लागले.

"आणि सुम्ने?" प्रांजलीनं विचारलं.

"सुम्ने म्हणजे सुम्ने. उगीच. काही काम नसताना."

हेमलताबाईंना राहवलं नाही. "म्हणजे राणी एवढी प्रकाशवर्षं ओलांडून उगीच आली होती?"

"येतात की लोक," वसुमती म्हणाल्या. "आमच्या नणंदा तशाच येतात."

रघुनंदनरावांनी बिल्ल्यावर हात ठेवला. आता आपल्याला इथून हाकलणार, अशी त्यांची खात्री होती. पण कुणी रागावलंच नाही. कुणाचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. प्रांजलीनं कंपनीतल्या जुन्या लोकांकडून ऐकलेलं सांगितलं: त्या काळी राणीच्या आवाजाची बाई ऐनवेळी आली नाही, तेव्हा रंगभूषाकाराची बेंगळूरहून आलेली सासू डबा घेऊन तिथं बसली होती. तिला म्हणाले, आजी, घरी बोलता तसं काहीही बोला. नव्या मालिकेसाठी कंपनीनं एका प्राध्यापकाकडून नवी पिरोळी करवून घेतली होती. तिला अकरा विभक्त्या होत्या आणि ती कपडे धुण्याच्या यंत्रासारखी ऐकू यायची.

"काकू, राणीचा आवाज तुम्ही द्या ना," प्रांजली म्हणाली. "प्लीज. नाहीतर आमच्याकडे ते मशीनच आहे."

जुन्या यानाचे आणि नव्या यानाचे, दोन्ही पक्ष पहिल्यांदाच एकत्र उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मलाही येते की ती भाषा, घरात जन्मल्यापासून तीच बोलतोय, असं रघुनंदनरावांना सांगायचं होतं. ते उठलेही. पण एवढी सवय झालेली, तोंडातून निघालं ते असं: "मलाही अवगत आहे बरं का ती."

सगळे मायेनं हसले. आशयनं गोळी पुढे केली.

त्यानंतर रघुनंदनरावांचं पोट जे पेटलं ते विझेना. मंडळाच्या ग्रुपवर यानाचं चित्र हटवून वसुमतींचा फोटो लावला गेला, हातात झाकण घेतलेला. लोक त्यांना 'राणीसाहेब' म्हणू लागले. कुणी फोनवर विचारायचं, पिरोळीत 'मिक्सर बिघडला' कसं म्हणतात? त्या सांगायच्या, पलीकडून आनंदाचे आवाज यायचे. वर्षानुवर्षं जी गोष्ट रघुनंदनरावांनी खिशात लपवून फिरवली, ती बायकोनं रस्त्यात काढून दाखवली आणि लोकांनी आरती ओवाळली. आपण ती मुळात लपवलीच का, हा प्रश्न त्यांना वजनकाट्यावर बसल्या बसल्या पडायचा. उत्तर आलं की ते पुढचा ट्रक बोलवायचे.

मग त्यांनी घरी शुद्धीकरण काढलं. तुझ्या भल्यासाठीच सांगतो, म्हणाले. मोठ्या लोकांत वावरणार आहेस, चारचौघांसारखं बोलायला शीक. 'ऊट झालं का' नाही, 'जेवण झालं का'. 'सरी' नाही, 'बरं'. नवऱ्याला 'री' नाही, 'अहो'. वसुमतींनी आधी दुर्लक्ष केलं. पण नवरा प्रत्येक घासाला अडवू लागला तशा त्याही शिकल्या. त्यांची पाठांतराची शक्ती चांगली होती. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्यांनी भाजीवाल्याला "कृपया कोथिंबीर द्याल का" असं विचारलं आणि तो घाबरून दोन जुड्या जास्त देऊन गेला. रघुनंदनरावांना बरं वाटलं. त्यात जरा भीतीही होती, पण बरं जास्त वाटलं.

स्टुडिओत काचेपलीकडे वसुमती मायकसमोर बसल्या. काचेअलीकडे प्रांजली, सल्लागार म्हणून निवडलेला आशय, रघुनंदनराव आणि आवाज टिपणारा महांतेश. हुबळीकडचा, थोडकं बोलणारा. पडद्यावर राणीचं कच्चं चित्र होतं, पक्कं आवाजावर बेतून व्हायचं होतं; ती कप्तानावर संतापली होती. वसुमतींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आपण असे का वागलात, याचा खुलासा करावा."

"काकू, घरच्यासारखं," प्रांजली म्हणाली.

"अवश्य. कृपया पुन्हा एकदा दाखवाल का?"

असं बराच वेळ चाललं. वसुमतींच्या कपाळावर घाम आला. घरची भाषा शोधायला गेल्या की नवऱ्यानं लावलेली कुलुपंच हाती लागायची. आशय आत जाऊन बसला, तर त्याच्याशी त्या आणखी शुद्ध बोलल्या आणि त्याला पाणी दिलं. शेवटी प्रांजलीनं फोन काढला. प्राध्यापकांची भाषा घ्यावी लागेल, असं ती कुणाला तरी सांगू लागली. वसुमती काचेतून बघत होत्या. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, घरी जायला निघाल्यासारखी.

हेच तर हवं होतं. रघुनंदनरावांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी थोडी वाट पाहिली. झाला नाही.

महांतेश पडद्यावरून नजर न काढता म्हणाला की बाई मायकाशी बोलतायत, त्यांना घरचं माणूस द्या. मग सगळे रघुनंदनरावांकडे बघू लागले. त्यांचा आवाज नंतर काढून टाकता येईल, असंही महांतेशनं सांगितलं, धीर द्यावा तसं.

ते आत गेले. त्यांच्यासमोर मायक नव्हता. खुर्ची होती. काचेपलीकडे तीन तोंडं होती, त्यांत एक पुण्याचं आणि एक मुंबईचं. पहिल्या बैठकीतलं हसू त्यांच्या कानात अजून ताजं होतं.

"वसू," ते म्हणाले, "स्वल्प बोल की."

वसुमतींनी मान वर केली. "काय बोलू? तुम्हीच सांगितलात ना, असं बोलू नको म्हणून. इतके दिवस घासाघासाला अडवलात. कशाला?"

"पोट जळत होतं."

"कुणावर?"

काचेपलीकडे आशयचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"तुझ्यावर," रघुनंदनराव म्हणाले.

वसुमती हसल्या, आधी नाकातून, मग पोट धरून. आणि मग सुरू झाल्या. माझं झाकण दुसऱ्याच्या डोक्यावर घालून गावभर मिरवताना लाज नव्हती, आईच्या भाषेत तोंड उघडायची तेवढी लाज. तुमची आई असती तर लाटणं घेऊन आली असती. बोलायला लागलं की पुण्याचे, भूक लागली की आमचे. रघुनंदनरावही मधूनमधून उत्तरं देत होते, घरच्याच भाषेत, हात हलवून, काचेकडे न बघता. पलीकडे कुणी हसलं नाही. महांतेशनं एकदा फक्त अंगठा वर केला.

नव्या मालिकेचा पहिला भाग मंडळानं त्याच वर्गात, भिंतीवर चादर लावून एकत्र पाहिला. यान संगणकावर केलेलं होतं, पण दारामागचा हात ठेवला होता. राणी आली आणि बोलू लागली तसा वर्ग बाकांवरून पुढे झुकला. ती मध्येच थांबायची, बाजूला बघायची, मग पुन्हा बोलायची. त्या थांबण्यावरून लगेच वाद पेटला. ती विश्वाचा नाद ऐकते, असा एक पक्ष. मौन हीच खरी पिरोळी, असा दुसरा. "कुणावर?" असं विचारून ती गप्प होते तेव्हा कोणत्या ग्रहावर हल्ला करायचा ते विचारते, असं हेमलताबाईंनी नकाशा काढून दाखवलं. त्या थांबण्यांतून कुणाचा आवाज काढलाय, हे आशयला माहीत होतं. तो खाली बघून चपलेचा पट्टा लावत राहिला. शेवटी कुणीतरी अधिकृत जाणकारांना विचारलं, राणी अशी का थांबते?

"बघावं लागेल," रघुनंदनराव म्हणाले. "पुन्हा लावा की."

पुन्हा लावलं. दिवे घालवले. चादरीवर राणीनं कप्तानाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणावर?"

राणी थांबली. शेवटच्या बाकावर, वसुमतींच्या शेजारी, रघुनंदनरावांचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांचं बोलून झालं, आणि राणी हसली.