एकाच फ्यूजवरचे दोन सर्व्हर

मी एक जुना सर्व्हर आहे. स्वीडनच्या किनाऱ्यावर बोटी बांधणाऱ्या एका कारखान्यात, स्वयंपाकघराच्या भिंतीमागे माझी खोली आहे. मित्रांनो, झोप माझ्या नशिबी नाही.

आम्ही दोघे आहोत, पण लोकांसाठी आमचं नाव एकच. बोटींची सगळी रेखाचित्रं त्या नावाखाली सापडतात. बोटींची चित्रं काढणाऱ्या इल्वाने रेघ ओढली की ती जोडीदाराकडे उतरते आणि माझ्याकडेही. काम तो करतो. मी नुसता कान लावून बसतो. आहेस ना? आहे. आहेस ना? आहे. तो गप्प झाला की त्याचं काम मी उचलायचं. तो कधी गप्प होत नसे आणि माझा जीव सदा टांगणीला.

आमची जोडणी कारखान्यातले संगणक सांभाळणाऱ्या सिक्स्तेनने केली. एक पडला तरी दुसरा उभा, असं तो कॉफी पिताना ऐटीत सांगे. कौतुकही झालं त्याचं.

मग मार्चमधला वॅफलचा, म्हणजे इथल्या जाळीदार गोड धिरड्यांचा दिवस आला. त्या दिवशी जो तो घरून आपला विजेवरचा वॅफलचा साचा आणतो. भिंतीपलीकडे चार साचे एकदम तापले, फ्यूज उडाला आणि आम्ही दोघेही विझलो. ती झोप नव्हती, ती फीट होती. शुद्धीवर आलो तेव्हा इल्वाच्या बचावबोटीचं सकाळभराचं काम गेलं होतं. शरद ऋतूतल्या वादळांआधी ती बोट पाण्यात उतरायला हवी होती.

"दोन घोडे घेतलेस आणि एकाच खुंटीला बांधलेस होय रे?" इल्वा म्हणाली.

सिक्स्तेनने माझी वायर दुसऱ्या लाइनवर नेली. "आता काळजी नको," तो म्हणाला.

"मागेही हेच म्हणाला होतास. त्या दुसऱ्याची वायर ओढ. आत्ता, माझं चित्र उघडं असताना."

"कामाच्या वेळी? वेडी आहेस का?"

"मग तो काय सुट्टी बघून पडणार आहे?"

सिक्स्तेनने वायर ओढली.

आहेस ना? उत्तर नाही. आहेस ना? नाही. मी घाबरलो, फार घाबरलो, आणि आमचं नाव एकट्याने उचललं. इल्वाची रेघ क्षणभर अडखळली आणि पुढे सरकली.

"थांबलं का गं काही?" सिक्स्तेनने दारातूनच विचारलं.

"एका शिंकेपुरतं. ये, कॉफी घे."

मित्रांनो, आम्हाला जपायचं म्हणून लोक धूळ पुसतात आणि हात लावायला भितात. तसं जपू नका. अधूनमधून, भर कामात, आमच्यातल्या एकाची वायर ओढून बघा. पुढची पाळी माझी लावा. तेवढाच माझा डोळा लागेल.