खालचा बोल्ट

माझे वडील बोल्टशी बोलतात. चारचौघांत सांगितलं तर लोक हसतात, पण जपानच्या रेल्वेत रुळांवर अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यात वावगं काही वाटत नाही. काम झालं की उजव्या हाताचं बोट त्या जागेवर रोखायचं, जागेचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि "ठीक!" म्हणून ओरडायचं. डोळा, बोट, तोंड आणि कान अशा चौघांनी मिळून पाहिलं की चूक निसटत नाही, असं त्यांच्या रूळ-दुरुस्तीच्या तुकडीत पहिल्याच दिवशी शिकवायचे. निवृत्त होऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली, तरी हे बोट काही निवृत्त झालं नाही. घरातून निघताना ते गॅसवर रोखतात, कडीवर रोखतात, आणि दर पाच-सहा आठवड्यांनी अंगणात मोटरसायकलची सर्व्हिसिंग करताना तिच्या एकेका बोल्टवर रोखतात.

त्या रविवारी मी पोचले तेव्हा आठ वाजले होते. जपानमधल्या कोची शहरातून आमच्या खोऱ्यात यायला गाडीने दोन तास लागतात. सोमवार ते शुक्रवार मी शाळांचं जेवण शिजवणाऱ्या केंद्रात उभी असते, शनिवारी घरचं बघते आणि दर दुसऱ्या रविवारी पहाटे उठून इकडे येते. चौपन्नाव्या वर्षी झोप ही एवढीच गोष्ट मला हवीशी वाटते, आणि तीच कोणी देत नाही.

"उशीर केलास, चिझु," बाबा म्हणाले. अंगणात पुठ्ठा अंथरून, त्यावर पाने-पकडी ओळीने मांडून ते तयार बसले होते.

"आठ म्हणाला होतात. आठच वाजलेत."

"आठला काम सुरू, असं म्हणालो होतो. चपला काढून, कॉफी पिऊन, हातमोजे घालून आठ."

"कॉफी आहे का मग?"

"थर्मासमध्ये. साखर तुझी तू घाल. मागच्या वेळी मी घातली तर गावभर केलंस."

मागच्या वेळी त्यांनी साखर म्हणून दोन चमचे मीठ घातलं होतं.

"गावभर कुठे? तुमच्या गावात उरलंय कोण आता?"

"माकडं आहेत," बाबा म्हणाले आणि पुठ्ठ्यावर गुडघे टेकले.

माझी आई, फुसाए, खालच्या खोऱ्यातल्या शुश्रूषागृहात असते, घरापासून चौदा किलोमीटरवर. तीन वर्षांपूर्वी तिला विसरण्याचा आजार जडला. मला ती ओळखत नाही. बाबांना ओळखते की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत, पण दुपारचं जेवण ती फक्त त्यांच्या हातून खाते. ते गेले नाहीत तर ताट तसंच परत जातं. बस कधीच बंद झाली. तेव्हा बाबा रोज अकराला मोटरसायकलला किक मारतात, साडेअकराला तिथे पोचतात, तिला भरवतात आणि दोनपर्यंत घरी येतात. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, डोंगरातली वळणं, एका बाजूला दरी. लायसन परत करून टाका म्हणून मी दोन वर्षं त्यांचं डोकं खात होते. आणि दरवेळी तेच उत्तर मिळायचं.

"लायसनसाठी म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती बघतात, त्या परीक्षेत सोळा चित्रांपैकी चौदा आठवली मला," ते त्याही दिवशी म्हणाले.

"आणि बाकीची दोन?"

"ती नीट काढलीच नव्हती."

इंजिन थोडं गरम करून त्यांनी बंद केलं. गाडीच्या पोटाखाली कापूस भरलेला पुठ्ठ्याचा खोका सरकवला. जुनं ऑइल त्या कापसात जिरतं आणि खोका मंगळवारच्या कचऱ्यात जातो.

"सतरा नंबर," बाबांनी हात पुढे केला.

"सतरा नंबर," मी म्हटलं आणि पाना दिला. ऐकलेलं परत बोलून दाखवायचं असतं, नाहीतर ते वस्तू घेत नाहीत.

खालचा बोल्ट सुटला. काळं ऑइल सरळ धारेने पडत राहिलं, मग धार बारीक झाली, मग थेंब. पाना त्यांनी माझ्याकडे दिला, मी तो मांडीवर ठेवला. बोल्ट पुसून त्यांनी नवा वॉशर चढवला आणि बोटांनीच फिरवत तो जागेवर बसवायला घेतला. तेवढ्यात डोंगरावरचा भोंगा वाजला. नगरपालिकेची बाई सावकाश सांगत होती की, कालपासून एक ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ बेपत्ता आहेत, अंगात करडं जाकीट आहे, कोणाला दिसल्यास कळवावं. तिचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला.

"ओनिशी असणार," बाबा कान देऊन म्हणाले. "तो दर महिन्याला हरवतो. मुलगा दाराला कडी घालत नाही."

"बिचारा."

"बिचारा कसला? सापडला की पोलिसांकडून चहा घेतो."

ते पुन्हा वाकले. बोट रोखलं. "खालचा बोल्ट, ठीक!" खिशातून पांढऱ्या रंगाचं पेन काढून त्यांनी बोल्टच्या डोक्यावरून इंजिनच्या अंगापर्यंत एक सरळ रेघ ओढली. बोल्ट जरा जरी हलला तरी ही रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. मग गुडघ्यावर हात ठेवून ते उठले आणि नवं ऑइल मोजायचं भांडं आणायला आत गेले.

सतरा नंबरचा पाना माझ्या मांडीवरच होता.

मला आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. पुठ्ठ्यावरचे पाने पाहिले. सतरा नंबरचा दुसरा पाना त्यांच्याकडे नाही. म्हणजे बोल्ट नुसता बोटांनी लावलेला होता आणि त्याच्याकडे बोट रोखून, आमच्या अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, बाबा "ठीक" म्हणाले होते. असा बोल्ट घेऊन त्या रस्त्याला लागलं तर चार-पाच वळणांत तो गळून पडतो, ऑइल मागच्या चाकावर येतं आणि पुढे दरी असते.

मी पाना लावला आणि बोल्ट आवळला. पाऊण वेढा फिरला. पाना परत मांडीवर ठेवला आणि गप्प बसले.

हे मी मायेपोटी केलं, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला भांडण नको होतं. आणि त्याहून खरं म्हणजे, दोन वर्षं जे तोंडाने मागत होते ते आता हातात आलं, तेव्हा मला त्याचा हिशोब दिसला. बाबांची गाडी थांबली की आईच्या जेवणाला कोणीतरी जायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. मला भाऊ नाही, बहीण नाही, आणि आठवड्यात दुपारी साडेअकरा सात वेळा वाजतात. मी इतकी दमले होते की, माझा बाप अजून एक वर्ष कसाबसा निभावून नेईल, असं स्वतःला सांगून मोकळी झाले. त्याची मला आजही लाज वाटते.

बाबा भांडं घेऊन आले. ऑइल ओतलं. "ऑइलचं झाकण, ठीक!" चेन बोटाने वर-खाली करून पाहिली, थोडी ताणली, वंगण लावलं. "चेन, ठीक!" ब्रेक, टायरची हवा, दिवा. मी प्रत्येक ठिकाणी हात जवळ नेऊन खरंच घट्ट आहे ना ते बघत होते. सगळं घट्ट होतं. फक्त तो एकच राहिला होता.

साडेदहाला त्यांनी इंजिन चालू केलं आणि कुठे गळतंय का ते बघायला टॉर्च घेऊन खाली वाकले. नेहमी यात दहा-बारा सेकंद जातात. त्या दिवशी ते उठेचनात. मग हात लांब करून त्यांनी इंजिन बंद केलं.

"चिझु. खालचा बोल्ट कोणी हलवला?"

मी खाली वाकून पाहिलं. त्यांनी टॉर्च तिथेच धरला होता. पांढरी रेघ तुटली होती. इंजिनवरचा अर्धा तुकडा एकीकडे आणि बोल्टवरचा अर्धा भलतीकडे.

"मी," मी म्हटलं.

"किती?"

"पाऊण वेढा."

बाबांनी टॉर्च बंद केला. "म्हणजे मी हातानेच लावून ठेवला होता."

"भोंगा वाजला मध्येच. कोणाकडूनही राहिलं असतं."

"भोंग्यावर ढकलू नकोस. रुळांवर काय शांतता असायची?" ते पुठ्ठ्यावर बसले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "बोल्ट राहतो. माणूस आहे, राहणारच. म्हणून तर दुसरा माणूस लागतो. दुसऱ्याने बघायचं आणि चोरून आवळून गप्प बसायचं, हे कुठे शिकलीस तू? असं करणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी रुळावर पाय ठेवू देत नसत."

"मला भांडायचं नव्हतं, बाबा. मी दमलेय."

"दमलीस तर दमले म्हण. ठीक कशाला म्हणतेस?"

"मी कुठे ठीक म्हटलं?"

"गप्प बसलीस. ते तेच झालं."

 बाबा हात टेकत उठले. टोपी सरळ केली, शर्टाची वरची गुंडी लावली आणि मोटरसायकलच्या बाजूला येऊन ताठ उभे राहिले. तुकडीच्या जुन्या फोटोत ते असेच उभे आहेत.

"एक बघायचं राहिलं," ते म्हणाले. "चालवणारा. बघ आणि बोल."

"बाबा, पुरे आता."

"फोनवर दोन वर्षं बोलत होतीस ना? नीट बोट दाखवून बोल. मी गप्प बसणाऱ्यांतला नाही, तूही बसू नकोस."

हात उचलायला मला किती वेळ लागला कोण जाणे. फोनवर हेच वाक्य मी भाजी चिरता चिरता फेकलं होतं, कपडे वाळत घालताना फेकलं होतं. समोर उभ्या असलेल्या बापाच्या छातीवर बोट रोखून ते बोलणं वेगळं. मी बोट रोखलं.

"चालवणारा," मी म्हटलं. "ठीक नाही."

"चालवणारा, ठीक नाही," बाबांनी परत बोलून दाखवलं. "ऐकलं."

त्यांनी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि फडक्याने हात पुसायला लागले. मी जिंकले होते. मला रडू येत होतं आणि रडायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं.

"पावणेअकरा झाले," बाबा म्हणाले. "तुझी गाडी काढ. फुसाए थांबली असेल."

 वाटेत बाबा आईसाठी घरून घेतलेला भोपळ्याचा डबा मांडीवर धरून बसले होते. प्रत्येक वळणावर त्यांचं उजवं मनगट जागच्या जागी वळत होतं. माझी गाडी विजेवर चालते, तिला आवाज नाही, त्यामुळे त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आई खिडकीशी टेबलावर बसली होती, गळ्यात फडकं बांधून. तिथल्या सेविका मियोशीबाई आम्हाला पाहून दचकल्या आणि बाबांकडे वळल्या.

"अगं बाई, शिगेमित्सुसान! आलात कधी? आम्हाला कळलंच नाही."

बाबा आईशेजारी बसले. चमचा भरून तोंडाशी नेला. "फुसाए, भोपळा."

आईने तोंड उघडलं नाही. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. बाबांनी पुन्हा चमचा नेला, पुन्हा नाव घेतलं. चमचा ओठांना लागला आणि भोपळा हनुवटीवर आला. मियोशीबाईंनी तो पुसला.

"आज गाडीचा आवाज आला नाही ना," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "रोज समोरच्या वळणावर गिअर पडला की तुमच्या आईंची मान वर होते. मग आम्ही ताट ठेवतो. तो आवाज येईपर्यंत त्यांच्या लेखी जेवणाची वेळ झालेलीच नसते."

बाबांनी ते ऐकलं.  मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत आठ-दहा म्हातारी माणसं होती, दोन बाया होत्या, मी होते. या माणसाने माझ्या लहानपणीसुद्धा कधी कोणाला हसवायला तोंड वाकडं केलेलं नाही. ते आईच्या कानाशी वाकले आणि ओठ गोल करून मोटरसायकलचा आवाज काढायला लागले.

"तो-तो-तो-तो-तो."

आधी लांबून आल्यासारखा, बारीक. मग जवळ. वळणावर यावं तसा त्यांनी आवाज खाली उतरवला, गिअर टाकला आणि पुन्हा चढवला. त्यांचे कान लाल झाले होते. कोपऱ्यातले एक आजोबा हसले.

आईची मान वर झाली. तिने रस्त्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि तोंड उघडलं.

बाबांनी चमचा आत सरकवला. तिने गिळलं की पुन्हा "तो-तो-तो", पुन्हा चमचा. डबा संपायला पाऊण तास लागला. शेवटी शेवटी त्यांचा घसा बसला होता, नुसती हवा येत होती, तरी ती खात होती. मी भिंतीला टेकून उभी होते. उद्या सोमवार होता, आणि साडेअकराला बाबांना इथे कोण आणणार ते मला ठाऊक नव्हतं.