नाकाची साक्ष

दारूच्या व्यसनावर आमच्या दवाखान्यात संशोधन चालतं, आणि त्यात माझं मुख्य काम एकच. घरच्यांना फोन करायचा. दारू सोडायला आलेला माणूस आम्हाला सांगतो, "नाही प्यालो." ते आम्ही लिहून घेतो. मग मी त्याच्या घरी फोन लावते आणि बायको, आई, भाऊ, त्याने ज्याचं नाव दिलं असेल त्याला विचारते, "प्याला का?" उत्तर काहीही येवो, पुढचा प्रश्न ठरलेला, "कशावरून म्हणता?" आम्ही देतो त्या नव्या गोळीने खरंच फरक पडतो का, हे नुसतं पिणाऱ्याच्या शब्दावर ठरवता येत नाही, म्हणून ही दुसरी साक्ष. आणि एक कडक नियम आहे. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. जीव गेला तरी नाही.

माझा स्वभाव या कामाला अगदी नालायक आहे. मला राग पटकन येतो. एकदा एक बायको म्हणाली, "ते कुठले पितात हो, त्यांना पित्ताचा त्रास आहे," तेव्हा मी कपाळावर असा हात मारून घेतला की तो आवाज तिला फोनवर ऐकू गेला. तरी आमच्या प्रोफेसरबाई मला काढत नाहीत, कारण लोक माझ्याशी बोलतात. भांडतात म्हणा हवं तर. पण भांडणात माणूस खरं बोलून जातो.

लिफ्टवाल्याची आई मात्र माझी लाडकी होती. लिफ्टवाला म्हणजे लिफ्टची दुरुस्ती करणारा, पस्तिशीतला, चांगला उंच, पण मान कायम खाली. बायको केव्हाच सोडून गेलेली. घरात तो आणि आई, दोघंच. मी फोन केला की मावशी पहिल्याच घंटीला उचलायच्या.

"मावशी, या महिन्यात प्याला का?"

"हिंमत आहे का त्याची!"

"कशावरून म्हणता?"

"अगं, माझं नाक आहे ना! रोज संध्याकाळी दारातच अडवते त्याला. वाक म्हणते. तोंडाचा वास घेते, मगच आत सोडते. चौथ्या घरात काय शिजतंय ते सांगेन मी तुला, माझ्या पोराचं तोंड काय घेऊन बसलीस!"

अशी साक्ष मिळाली की माझा दिवस चांगला जायचा. बाकीचे "वाटत नाही बुवा", "बहुतेक नसेल" असलं गुळमुळीत बोलतात.

आमच्याकडे घोळ होतो तो नेहमी एकाच बाजूने. माणूस म्हणतो नाही प्यालो, घरचे म्हणतात प्याला. लिफ्टवाल्याच्या बाबतीत गंगा उलटी वाहिली. एका सकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला आणि विचारायच्या आधीच म्हणाला, "ताई, लिहा. मध्ये एकदा प्यालो."

"कधी?"

"बायकोने दुसरं लग्न केल्याचं कळलं, त्या दिवशी. कामावर गेलोच नाही. दिवसभर पीत बसलो."

"आणि घरी?"

"घरी गेलो. म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे. दारात वाकलो. आई माझ्या तोंडाशी नाक नेऊन उभी राहिली. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. तर म्हणाली, 'ग्रीसचा वास येतोय. हात धू, जेवून घे.'" त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "ग्रीस! ताई, त्या दिवशी मी ग्रीसला हातसुद्धा लावला नव्हता. स्वच्छ शर्ट घातला होता. तिला सगळं कळलं होतं. कळूनही तिने मला ताट वाढलं."

मी कागदावर 'एकदा' असं लिहिलं.

"त्या दिवसापासून थेंब घेतलेला नाही," तो म्हणाला. "इच्छा होते. खूप होते. पण ते ताट डोळ्यांसमोर येतं. तुमची गोळी चालते की नाही ते तुम्ही बघा. मला ते ताट पुरतं."

दुपारी मावशींना फोन केला. "एकदाही नाही," त्या ठणकावून म्हणाल्या. "कशावरून काय? माझं नाक आहे ना!"

मी दोन्ही उत्तरं प्रोफेसरबाईंपुढे ठेवली. त्या म्हणाल्या, "आई सांभाळून घेतेय त्याला. मग तिची आधीची उत्तरं तरी खरी कशावरून? एकदा घरी जाऊन ये." त्यांचं बरोबर होतं, पण माझं डोकं फिरलं. इतक्या जणांची थापेबाजी मी ओळखली आणि माझी लाडकी मावशी मलाच गुंडाळत होती! चांगली खडसावायची, असं ठरवून मी निघाले.

लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! धापा टाकत वर पोचले. मावशी फोनवरच्या आवाजाच्या मानाने फारच लहानखुऱ्या निघाल्या. पाठ मात्र ताठ. खोलीत दोन खुर्च्या, एक पलंग, कोपऱ्यात पान्यांची पेटी, मागे पडदा आणि पडद्याआड स्वयंपाकघर. मला बसवून त्या आत गेल्या, काहीतरी गॅसवर ठेवलं आणि हात पुसत माझ्यासमोर येऊन बसल्या.

मी सरळच विचारलं, "मावशी, खरं सांगा. पोराला पाठीशी घालताय का?"

"मी?" त्या ताडकन म्हणाल्या. "त्याच्या बापाला नाही घातलं कधी, तर याला घालीन? तो माणूस पिऊन पिऊन गेला माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून हे नाक राखण करतंय. माझ्या नाकाला फसवणारा अजून जन्माला यायचाय!"

तेवढ्यात मला वास आला. आधी जळक्या दुधाचा. मग दुसरा, घशाला धरणारा.

"मावशी, गॅसवर काय आहे?"

"दूध. तुझ्या चहाला. होईल आता." आणि त्या पुन्हा नाकाचे पराक्रम सांगायला लागल्या. मग सावकाश उठून त्यांनी पडदा सारला. मी मागोमाग धावले. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं, आच विझली होती आणि गॅस तसाच सुटत होता. वास इतका की श्वास घेववेना.

"विझली वाटतं," मावशी शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी लायटर उचलला.

मी त्यांच्या हातावर झडपच घातली. लायटर खेचून घेतला, गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "वेड लागलंय का? तुम्हाला वास येत नाही?"

हे मी रागात म्हटलं होतं, उत्तराची अपेक्षा नव्हती. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि उत्तर मिळालं.

घरातला गॅस ओसरेपर्यंत आम्ही बाहेर जिन्यात बसलो. मावशी पदराचं टोक पिळत होत्या.

"हिवाळ्यात ताप आला होता," त्या म्हणाल्या. "त्यात वास गेला. वाटलं, सर्दी जाते तसं हेही जाईल. गेलं नाही."

"मुलाला सांगितलं नाहीत?"

"शहाणीच आहेस! राखणीचं कुत्रं बहिरं झालंय हे चोराला कोणी सांगतं का?"

"मग रोज दारात काय करता?"

"नाक लावते. आणि म्हणते, ग्रीसचा वास येतोय. ग्रीस काय, रोजच असतं त्याच्या अंगाला."

ज्या ताटाच्या आठवणीवर तो पोरगा तगून होता, ते ताट माफीचं नव्हतंच. तिला काही कळलंच नव्हतं. तिने रोजचं वाक्य म्हटलं होतं आणि रोजचं ताट वाढलं होतं.

आता माझी पंचाईत बघा. मावशींचं नाक गेल्याचं त्याला सांगावं, तर त्याच्या पायाखालची जमीन जाते. न सांगावं, तर ही बाई एक दिवस असाच लायटर पेटवणार आणि तेव्हा मागे मी नसणार. आणि त्याने मला काय सांगितलंय, ते नियमामुळे या बाईला सांगायचीही सोय नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

"मावशी," शेवटी मी म्हटलं, "त्याला सांगायलाच हवं. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. हे संशोधनातलं नाही, जिवाचं आहे."

"तुला काय जातंय गं सांगायला? गॅसने मी एकदाच मरेन. तो प्यायला लागला की मी रोज मरते."

मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "मग तू थांब. माझ्याने एकटीने नाही व्हायचं."

संध्याकाळी तो आला. खांद्याला पिशवी, शर्टावर काळे डाग. मला पाहून चपापला, पण सवयीने दारातच थांबला आणि आईसमोर वाकला. एवढा मोठा बाप्या, डोळे मिटून तोंड पुढे करून उभा. मावशींनी नाक लावलं नाही. त्याच्या गालाला हात लावला.

"बाळा, मला वास येत नाही."

त्याने डोळे उघडले. "म्हणजे?"

"कसलाच येत नाही. हिवाळ्यातल्या तापापासून. आज गॅस सुटला होता, ही नसती तर मी गेले असते."

तो हळूहळू सरळ झाला. गॅसचं ऐकून घाबरला, ते दिसलं. मग त्याच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी आलं. ताप कधी आला, त्या लग्नाचं कधी कळलं, आधी काय, नंतर काय, हे तो मनात लावून बघत होता.

"तापापासून?" तो म्हणाला. "म्हणजे तेव्हासुद्धा..."

"तेव्हा म्हणजे कधी?" मावशींनी विचारलं.

मी खिडकीबाहेर बघायला लागले. मनात म्हणत होते, गप्प बस रे बाबा. इथेच थांब. तिला माहीत नाही, कधी कळणारही नाही. खरं खोटं ताडून बघणं हीच माझी नोकरी, आणि मी देवाला विनवत होते की या माणसाने आता खोटं बोलावं.

"मी प्यालो होतो, आई," तो म्हणाला. "तिच्या लग्नाचं कळलं त्या दिवशी. तू म्हणालीस, ग्रीसचा वास येतोय, हात धू, जेवून घे. मला वाटलं, तुला कळलंय. कळूनही म्हणतेयस."

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "कळलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं."

आणि पडदा सारून आत गेल्या.

तो दारातच उभा राहिला. बसला नाही, निघूनही गेला नाही. जरा वेळाने त्याने पेटीतून पाना काढला आणि आत जाऊन गॅसची नळी तपासायला लागला. मी चपला घातल्या आणि जिना उतरले. पायरी पायरीवर वाटत होतं, हे मी काय करून बसले!

प्रोफेसरबाईंनी तापानंतरची मावशींची साक्ष बाद केली. करायलाच हवी होती. तरी मी दिवसभर फणफणत होते. फोन मात्र संशोधन संपेपर्यंत करायचा, असा नियमच आहे. मी त्या घरात गुंतले म्हणून लिफ्टवाल्याची तपासणी आता दुसऱ्या खोलीत दुसरं माणूस करत होतं, त्यामुळे त्याचं मला काही कळत नव्हतं. आणि मावशींना फोन लावायचा म्हटलं की मी चहाला उठायचे, कपाट आवरायचे, दुसऱ्या कोणाशी तरी भांडायचे. शेवटी इलाज उरला नाही.

या वेळी घंटी बराच वेळ वाजली.

"मावशी, प्याला का?"

"प्याला."

केलंस ना शेवटी वाटोळं, मी स्वतःला म्हटलं. त्याच्याकडे एक ताट होतं, तेही काढून घेतलंस. पण प्रश्न ठरलेला असतो.

"कशावरून म्हणता?"

"त्याने सांगितलं."

"कधी?"

"प्याला त्याच संध्याकाळी. दारात. मी सवयीने म्हटलं, वाक. तर वाकला नाही. म्हणाला, आई, आज प्यालोय." त्या पुढे म्हणाल्या, "आधी त्याचा बाप, मग हा. एवढी वर्षं मी या घरात वास घेतेय गं. स्वतःहून कोणी सांगितलं नव्हतं."

"मग तुम्ही दार लावून घेतलंत?"

"लावणार होते. कडीला हात घातला होता. तो तसाच उभा. पळाला नाही, रडला नाही, शपथा घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच तुमच्या दवाखान्यात जाऊन बसला. तुला कळलं असेलच."

"नाही मावशी. आमच्यात एकाचं दुसऱ्याला सांगत नाहीत." मी म्हटलं. "पण त्या संध्याकाळी काय केलंत?"

"काय करणार! म्हटलं, हात धू, जेवून घे," मावशी म्हणाल्या. "या वेळी मला माहीत होतं."