वहिनीच्या लॅपटॉपचं वजन

"तात्या, हा खांद्याला अडकवून भरलेल्या एसटीत चढून दाखवता का?"

हा प्रश्न भर दुकानात विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, सोनम आणि प्रांजलनं, शाळेत माझ्याशी लावली होती. लालासाहेब तात्या, म्हणजे माझे चुलते, आठवडाभर 'घ्यायचा तर मोठाच' म्हणत होते, ते दोघींना माहीत होतं. "तू नुसती आमच्यापुढं फडाफडा बोलतीस," म्हणाल्या. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत नंबर आल्यापासनं माझा आवाज बारीक निघतच नाही. विचारलं. मोठ्यानं.

साताऱ्यातल्या त्या दुकानात आम्ही तिघंच होतो: माझे वडील आबा, तात्या आणि मी. जिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा ती संयोगिता वहिनी रहिमतपूरला, घरी. आमच्यात म्हैस आणायची असली की जाणते बाप्येच जातात. शिंगं बघतात, दात बघतात, आणि जिला रोज धार काढायची ती बाई घरीच राहते. लॅपटॉपलाही तोच रिवाज! मी तर भांडून गाडीत बसले होते.

लग्नात सुटलेलं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष वहिनीनं यंदा परत धरलंय. तिचा नवरा, माझा जयराजदादा, फौजेत आहे. "तिला कॉलेजला पाठवायचंच," असा शब्द त्यानं फोनवर आबांकडून घेतलाय. आठवड्यातनं चार दिवस एसटीनं सातारा. वहिनीनं आबांना चिठ्ठी लिहून दिली होती: चौदा इंच, दीड किलोच्या आत, बॅटरी दिवसभर टिकणारी. ती चिठ्ठी आबांच्या खिशातनं बाहेरच निघाली नाही.

तात्यांनी गेम खेळणाऱ्यांचा एक काळा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून जोखला होता. "आबा, बगा. तीन किलो तरी भरंल. ह्याला म्हणायचं वस्तू!" तेव्हाच मी तो प्रश्न टाकला.

दुकानदार दिग्विजय फिसकन हसला. तात्या नाही हसले.

"लय शानी झालीस नंदे. आमी पोती घेऊन चढलोय एसटीत."

"पोत्यावर अभ्यास नव्हता करायचा तुमाला!"

"ताईंचं बरोबर आहे," दिग्विजय म्हणाला. त्यानं एक पातळ, राखाडी लॅपटॉप काढला. सव्वा किलो. किंमतही कमी. चिठ्ठीत लिहिल्यासारखाच! विषय तिथंच संपायला हवा होता ना?

तात्यांनी तो दोन बोटांत धरला. "पापड हाय का ह्यो?"

आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मोठाच बांधा."

घरी येईस्तोवर ते धूड माझ्याच मांडीवर. पायाला मुंग्या आल्या, डोक्यात तर जाळ.

आईनं खोक्याला हळदकुंकू लावलं. वहिनीनं लॅपटॉप कॉलेजच्या बॅगेत घालून पाहिला. चेन लागेना. "छान आहे," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. त्या 'छान'नं मला असा राग आला!

"आई, हा तिला रोज न्यायला जमणारच न्हाई!"

"न्यायचा कशाला?" आई सहज बोलली. "हलका आसता तर रोज काखोटीला मारून भाईर पडली आसती. ह्यो घरात ऱ्हाईल, आन् तीबी ऱ्हाईल."

मी आबांकडं बघितलं. आबा चपलेकडं बघत होते. म्हणजे ठरवून! मी दिवसभर समजत होते, ह्यांना कळत नाही. ह्यांना तर सगळं कळत होतं.

"दादाला शब्द दिलाय तुमी!"

"मग?" आबा म्हणाले. "परीक्षेला जाऊ दी की. न्हाई कोण म्हणतंय?"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ट्रे टेबलावर ठेवून ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, मी चौदा इंच लिहिलं होतं."

एवढंच. पण दोन वर्षांत आबांच्या तोंडावर ती पहिल्यांदाच बोलली होती. कुणी कप उचलला नाही.

मग मला राहवलं नाही.

"आई, आबा, ऐका. अजून चालू केलेला न्हाई, दुकानदारानं तीन दिवसांत बदलून देतो म्हणून बिलावर लिहिलंय. उद्या मी शाळा बुडवणार. मी आणि वहिनी साताऱ्याला जाणार, वहिनी बोट ठेवंल तोच आणणार. आणि तिच्या कॉलेजच्या दिवशी भाकरी मी थापणार, कच्च्या राहिल्या तर कच्च्या खायच्या. मी विचारत न्हाई, सांगतीय."